शॉवरची धार बारीक का होते? दाब मोजून दोष शोधण्याची रीत

उन्हाळा आला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या सभेत एक तक्रार हमखास येते: वरच्या मजल्यावर पाण्याला जोर नाही. मग गच्चीवर मोठी टाकी बसवायचा ठराव होतो, नाहीतर जास्त हॉर्सपॉवरची मोटर घ्यायचा. पैसे जातात आणि शॉवरची धार होती तशीच राहते. हे टाळता येतं. द्रव आणि वायू कसे वागतात याची शाळेत शिकलेली चार-पाच तत्त्वं, एक प्रेशर गेज आणि एक बादली एवढ्यावर दोष कुठे आहे ते घरच्या घरी ठरवता येतं. प्लंबरला बोलवायचं ते त्यानंतर.

आधी एक गैरसमज दूर करू. ठाण्याचं पाणी स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, महापालिकेची स्वतःची योजना, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून येतं. नवी मुंबईला स्वतःचं मोरबे धरण आहे. पाणी कमी आलं तर टाकी भरत नाही, हे खरंच. पण महापालिकेच्या लाइनचा दाब तुमच्या भूमिगत टाकीच्या तोंडाशी संपतो. तिथे पाणी मोकळ्या हवेत पडतं आणि धरणाने दिलेला सगळा दाब सोडून देतं. पंप ते गच्चीवर चढवतो, तिथे ते पुन्हा उघड्या टाकीत पडतं. तुमच्या नळाला मिळणारा दाब तिथून नव्याने सुरू होतो. त्यामुळे टाकी भरलेली असताना धार बारीक असेल, तर कारण इमारतीतच शोधायचं.

पहिली पायरी: उंची मोजा

स्थिर पाण्यातला दाब तीन गोष्टींवर ठरतो: पाण्याची घनता, गुरुत्वाकर्षण आणि वरच्या पाण्याच्या पातळीपासूनची खोली. टाकीची लांबी-रुंदी या हिशोबात कुठेच येत नाही. दोन हजार लिटरची टाकी काढून त्याच चौथऱ्यावर तेवढ्याच उंचीची पाच हजार लिटरची ठेवली, तर पाणी जास्त वेळ पुरेल, पण दाब तसूभरही वाढणार नाही.

हिशोब सोपा आहे. पाण्याची घनता घनमीटरला जवळजवळ १,००० किलो. म्हणून दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब देतो. प्लंबर ज्याला 'एक किलो प्रेशर' म्हणतात ते हेच. पीएसआयमध्ये ते सुमारे १४.२ भरतं. एका मीटरला ०.१ किलो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

नौपाड्यातली तळमजला अधिक चार अशी जुनी इमारत घ्या. टाकीचा चौथरा गच्चीपासून दीड मीटर, टाकीत एक मीटर पाणी. म्हणजे पाण्याची पातळी गच्चीच्या वर अडीच मीटर. चौथ्या मजल्यावरचा शॉवर गच्चीच्या खाली साधारण ०.९ मीटर. एकूण ३.४ मीटर, म्हणजे ०.३४ किलो. तळमजल्याच्या शॉवरला, मजल्याची उंची तीन मीटर धरून, १५.४ मीटर म्हणजे दीड किलोहून जास्त. पाणी एकच, टाकी एकच, दाबात साडेचार पट फरक.

आता टाकीतली पातळी ८० सेंटिमीटरने उतरू द्या. चौथ्या मजल्याचा दाब ०.३४ वरून ०.२६ वर येतो, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा गेला. तळमजल्याचा १.५४ वरून १.४६, तिथे कुणाला कळणारही नाही. वरचे लोक सकाळी नऊनंतर तक्रार करतात आणि खालचे म्हणतात 'आमच्याकडे तर छान येतंय', तेव्हा दोघंही खरं बोलत असतात. समितीने हे आकडे सभेत मांडले तर निम्मी वादावादी तिथेच थांबते.

तेव्हा टेप घेऊन गच्चीवर जा. चौथऱ्याची उंची, टाकीतल्या पाण्याची पातळी आणि तुमच्या नळापर्यंतचं उभं अंतर लिहून काढा. पाइप किती वळणं घेत येतो ते आत्ता मोजू नका. स्थिर दाबाला वाट कळत नाही, फक्त उंची कळते. दोन ठिकाणं एका पातळीत आहेत का हे पाहायला गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी उत्तम. तिच्यात बुडबुडा राहिला तर मात्र माप चुकतं. का, ते पुढे हवेच्या भागात येईल.

दुसरी पायरी: नळ बंद ठेवून दाब मोजा

हार्डवेअरच्या दुकानात अर्ध्या इंची आट्यांचं प्रेशर गेज मिळतं. वरच्या दोन मजल्यांसाठी ० ते १ किलोचं घ्या. ० ते ७ च्या गेजवर ०.३ आणि ०.४ मधला फरक डोळ्यांना दिसत नाही. खालच्या मजल्यांना आणि टॉवरला मोठ्या मापाचं लागेल; लहान गेज तिथे लावलं तर खराब होईल. वॉशिंग मशीनच्या नळाला टेफ्लॉन टेप लावून ते बसवा, नळ पूर्ण उघडा आणि घरातले बाकीचे सगळे नळ बंद करा. वेळ दुपारी दोन-तीनची किंवा रात्री उशिराची निवडा, शेजारी पाणी वापरत नसताना. काटा थांबला की आकडा लिहा. हा स्थिर दाब.

या संपूर्ण तपासणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट इथे आहे. पाइप गंजून अर्धा बुजलेला असला, व्हॉल्व्ह पाऊणभर बंद असला, जाळीत कचरा अडकला असला, तरी पाणी वाहत नसताना गेज पूर्ण दाबच दाखवतं. अडथळा फक्त वाहत्या पाण्याला जाणवतो. बारीकशी वाट उघडी असली तरी थोड्या वेळात दोन्ही बाजूंचा दाब समान होतो; पास्कलने सतराव्या शतकात मांडलेलं तत्त्व तेच सांगतं.

म्हणून स्थिर दाब मोजलेल्या उंचीशी जुळला, तर हवा आणि टाकी दोन्ही निर्दोष. दोष अडथळ्याचा, पुढची पायरी पाहा. स्थिर दाब उंचीपेक्षा स्पष्ट कमी आला, तर कारणं मोजकीच: त्याच लाइनवर कुणीतरी पाणी घेतंय किंवा गळती आहे, वाटेत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आहे, किंवा पाइपात हवा अडकली आहे. अडथळा नाहीच. जुनी लाइन तोडून नवी टाकायचा सल्ला या स्थितीत कुणी दिला, तर थांबा.

तिसरी पायरी: पाणी वाहतं ठेवून दाब मोजा

गेज तिथेच असू द्या. घरातला दुसरा एखादा नळ पूर्ण उघडा आणि दहा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलच्या घड्याळावर पाहा. त्याच वेळी काटा किती खाली आला तेही लिहा.

काटा १.५ वरून १.३ वर आला आणि बादली मिनिटाभरात भरली, तर सगळं ठीक. काटा १.५ वरच राहिला पण नळातून बारीक धार, तर त्या नळातच खोट आहे: तोंडाशी असलेली जाळी, आतला कार्ट्रिज किंवा त्याचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीपाशी असलेला छोटा व्हॉल्व्ह. हे घरी पाच मिनिटांत साफ होतं. जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की क्षार सुटतात. पण काटा १.५ वरून एकदम ०.३ वर कोसळला, तर अडथळा नळात नाही. गेजच्या आधी, घरात शिरणाऱ्या फाट्यावर, मुख्य व्हॉल्व्हवर किंवा डाऊनटेक पाइपात, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या मुख्य पाइपात आहे. त्याच लाइनवरच्या खालच्या घरी जाऊन हीच चाचणी करा. तिथे कोसळत नसेल तर डाऊनटेक निर्दोष, दोष तुमच्या फाट्यात.

पाइपचा व्यास किती निर्णायक असतो याचा अंदाज सहसा चुकतो. नळातला प्रवाह खळाळता असतो, आणि अशा प्रवाहात तेवढंच पाणी न्यायला लागणारा दाब व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. पंधरा मिलिमीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंज आणि क्षार साचून आतून दहा मिलिमीटर उरला, तर पहिल्याइतकं पाणी आणायला सात-आठ पट दाब हवा. दाब तेवढाच असेल, तर पाणी एक-तृतीयांशाच्या आसपास येतं. जुन्या इमारतीत नवा सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप टाकताना खर्च वाचवायला पाऊण इंचाऐवजी अर्धा इंच घेतात. वरच्या मजल्यावर, जिथे मुळातच ०.३ किलो आहे, तिथे ही बचत वर्षानुवर्षं भोवते. फाटा पाऊण इंचाचाच घ्या आणि नळापाशी येऊन अर्धा करा.

फक्त गरम पाणी बारीक येत असेल तर गीझरच्या आत येणारा व्हॉल्व्ह आणि त्याची जाळी पाहा. काहीजण म्हणतात गरम पाणी 'जड' वाहतं. उलट आहे. २० अंशांना पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, जेवढी असते, त्याच्या निम्म्याहून कमी ती ६० अंशांना असते. गरम पाणी जास्त सहज वाहतं, त्यामुळे धार कमी असेल तर दोष वाटेचाच.

पाइपात अडकलेली हवा

टाकी धुतल्यानंतर किंवा पाणीपुरवठ्याच्या शटडाऊनमध्ये टाकी रिकामी झाल्यानंतर खालच्या घरांना पाणी येतं, वरच्यांना फुसफुस आवाज येऊन थांबतं. टाकी भरलेली, व्हॉल्व्ह उघडा, तरी नळ कोरडा. हे बहुतेक वेळा हवेचं काम असतं, आणि याच्यासाठी सोसायट्या विनाकारण पंप घेतात याचं मला फार वाईट वाटतं.

काय घडतं ते नीट समजून घेऊ. टाकीतून निघालेला पाइप गच्चीवर उतरतो, मग एखाद्या तुळईवरून किंवा कठड्यावरून जायला थोडा वर चढतो आणि पुन्हा उतरतो. हवा पाण्यापेक्षा आठशे पटींहून हलकी, म्हणून ती त्या उंचवट्यात जाऊन बसते. पाणी वरच्या बाजूने चढतं, पण पलीकडे उतरणाऱ्या भागात हवा आहे. पाण्याचा एक मीटर स्तंभ ०.१ किलो दाब देतो. हवेच्या एक मीटर स्तंभाचा दाब नगण्य. म्हणजे उतरत्या भागात जेवढी उंची हवेने व्यापली, तेवढी तुमच्या हिशोबातून वजा झाली. असे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे दोन उंचवटे असले तर एक मीटर गेला. तळमजल्याच्या पंधरा मीटरमधून एक मीटर गेला तर काही बिघडत नाही, शिवाय वेगाने जाणारं पाणी हवेला ओढूनही नेतं. चौथ्या मजल्याच्या साडेतीन मीटरमधून गेला तर धार मरते. टाकी अर्धी असेल तर बंदच पडते.

हवा फक्त टाकी रिकामी झाल्यावरच येते असंही नाही. पाण्यात हवा विरघळलेली असते आणि तापमान वाढलं की ती कमी विरघळते: ० अंशांना लिटरभर पाण्यात १४ मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरचा उघडा पाइप दुपारभर तापतो, हवा बाहेर पडते आणि उंचवट्यात जमते. म्हणून संध्याकाळी पहिलं पाणी घेताना नळ थुंकतो.

उपाय असा. आधी त्या लाइनवरचे सगळ्यात खालच्या मजल्याचे दोन-तीन नळ एकदम पूर्ण उघडा आणि टाकी काठोकाठ भरलेली असताना काही मिनिटं वाहू द्या. वाढलेला वेग हवेला खाली ओढून नेतो. पाणी बादल्यांत धरा, वाया घालवू नका. मग वरच्या मजल्यावर स्थिर दाब पुन्हा मोजा. आकडा उंचीशी जुळला तर हवा गेली. पुन्हा पुन्हा हाच त्रास होत असेल तर गच्चीवर चढून पाइपचे उंचवटे शोधा. प्रत्येक उंचवट्याच्या माथ्यावर हवेची उभी नळी, म्हणजे व्हेंट पाइप, हवी. तिचं वरचं तोंड टाकीच्या सर्वोच्च पातळीपेक्षा उंच असायला हवं, नाहीतर टाकी भरली की ती गच्चीवर पाणी ओतेल. अनेक गच्च्यांवर ही नळी असते, पण कुणीतरी कचरा जाऊ नये म्हणून तिला टोपी मारून घट्ट बंद केलेली असते. तिथे जाळी बांधा, टोपी नको. त्याहून चांगलं म्हणजे उंचवटाच काढून पाइपला टाकीपासून सलग उतार देणं. दोन-तीन एल्बो आणि अर्ध्या दिवसाचं काम.

बूस्टर पंप घ्यायचाच असेल तर

उंचीच मुळात कमी आहे, हवा नाही, अडथळा नाही, आणि शॉवरच्या खोक्यावर लिहिलेला किमान दाब मिळत नाही, अशा वेळी पंप योग्य. चौथरा दोन मीटरने वाढवला तर केवळ ०.२ किलो मिळतात, आणि भरलेल्या टाकीचा भार इमारत पेलेल का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच विचारावं लागतं.

पंपासोबत येणारी दाबाची टाकी हे वायूचं काम आहे. पाणी दाबलं तरी जवळजवळ आक्रसत नाही, हवा आक्रसते. टाकीत रबरी पडद्याच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. ही हवा स्प्रिंगसारखी वागते आणि पंप बंद असतानाही पाणी ढकलत राहते. रॉबर्ट बॉयलने १६६२ मध्ये मांडलेला नियम इथे थेट लागू पडतो: तापमान तेच असेल तर वायूचा दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो. फक्त गेजच्या आकड्यात वातावरणाचा एक किलो मिळवायचा.

समजा टाकी २४ लिटरची, पंप १.५ ला सुरू आणि २.५ ला बंद होतो, हवा १.३ ला भरली आहे. सुरू होताना हवेचं आकारमान २४ गुणिले २.३ भागिले २.५, म्हणजे २२.१ लिटर, बंद होताना २४ गुणिले २.३ भागिले ३.५, म्हणजे १५.८ लिटर. पंप बंद असताना सव्वासहा लिटर पाणी मिळतं. आता हवा गळून ०.३ वर आली असं धरा. तेच गणित केलं तर जेमतेम साडेतीन लिटर मिळतात, आणि पंप जवळजवळ दुप्पट वेळा चालू-बंद होतो. प्रेशर स्विच आणि मोटरचं वाइंडिंग यातच जळतं, आणि लोक पंपाच्या कंपनीला दोष देतात.

हवा तपासायची तर पंपाची वीज बंद करा, जवळचा नळ उघडून पाण्याचा दाब शून्य होऊ द्या, आणि मगच टाकीच्या व्हॉल्व्हला सायकल-स्कूटरचं हवेचं गेज लावा. पाणी आत असताना घेतलेला आकडा खोटा असतो. हवा सुरू होण्याच्या दाबापेक्षा ०.१ ते ०.२ किलो कमी ठेवा. व्हॉल्व्हमधून पाणी आलं तर पडदा फाटला आहे.

टॉवरमध्ये उलटं दुखणं

घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघर-पाम बीचच्या उंच इमारतींत खालच्या मजल्यांचा प्रश्न जास्त दाबाचा. पंचवीस मजले म्हणजे ७५ मीटर, साडेसात किलो. वाटेत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, प्लंबरच्या भाषेत पीआरव्ही, नसेल किंवा अडकला असेल, तर अँगल कॉक आणि जोडनळ्या फुटतात. गीझरच्या पट्टीवर किती बार दाबाला तो बनवला आहे ते लिहिलेलं असतं; एक बार म्हणजे जवळजवळ एक किलो. तुमच्या स्थिर दाबाशी ताडून पाहा. पाणी २५ वरून ६० अंशांना तापलं की सुमारे १.४ टक्के फुगतं, म्हणजे १५ लिटरच्या गीझरमध्ये पाव लिटरला थोडं कमी. पाणी आक्रसत नसल्यामुळे त्या वाढीला जागा मिळाली नाही तर दाब झपाट्याने चढतो. सुरक्षा व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात ते त्यासाठीच. ते टोक बुच लावून कधीही बंद करू नका.

नळ झटकन बंद केल्यावर भिंतीत 'धाड' होतं, तोही हाच स्वभाव. सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारं पाणी धातूच्या पाइपात एकदम थांबलं, तर क्षणभर दहा किलोहून अधिक दाबाचा धक्का बसू शकतो. वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह असाच बंद होतो. मशीनचा नळ पूर्ण न उघडता अर्धा ठेवला तरी धक्का बराच कमी होतो.

शोषणाची मर्यादा

भूमिगत टाकीतून पाणी उचलणारा पंप पाण्याला ओढत नाही; वातावरणाचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला तो दाब १०.३ मीटर पाण्याएवढाच आहे, आणि घर्षण व पाण्याच्या बाष्पदाबाची वजावट करून व्यवहारात सहा-सात मीटर हाती लागतात. पंप त्याहून उंच बसवला, किंवा शोषणाच्या पाइपच्या खालच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह गाळाने बुजला, तर पंपाच्या आत पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून बुडबुडे होतात, खडे फिरल्यासारखा आवाज येतो आणि पंपाचा पंखा झिजतो. टाकीच्या तळाजवळच, वायुवीजन असलेल्या कोरड्या जागी पंप ठेवा आणि शोषणाचा पाइप पंपाच्या तोंडापेक्षा लहान व्यासाचा घेऊ नका.

महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावण्याचा मोह काही बंगल्यांत आणि चाळींत होतो. ते नियमात बसत नाहीच, आणि धोका सगळ्या वस्तीला असतो: मोटर खेचते तेव्हा लाइनमधला दाब बाहेरच्यापेक्षा खाली जाऊ शकतो, आणि शेजारून गटार जात असेल तर एरवी पाणी बाहेर गळणारी भेग तेच घाण पाणी आत घेते. अशी मोटर दिसली तर सोसायटीने किंवा वस्तीने ती त्याच दिवशी काढायला लावावी, आणि त्या दिवशीचं पिण्याचं पाणी सगळ्यांनी उकळून घ्यावं.